दिव्याखालचें नांव

चित्रकलेवर आमच्या सुशिक्षित समाजाचें जें प्रेम आहे तें मोठें विलक्षण आहे. गाण्याच्या बैठकीला गेलेला गृहस्थ गवयाचें घराणें विचारतो. नाटक पाहून घरीं परततांना नाटककाराला चार शिव्या किंवा चार शाबासक्या दिल्यावांचून त्याला झोंप येत नाहीं. कादंबरी तर आम्ही लेखकाचें नांव वाचूनच हातांत घेतों किंवा खालीं ठेवतों. परंतु घरच्या भिंतीवर तीस-चाळीस वर्षें टांगलेल्या तसबिरीचा कर्ता कोण, असा प्रश्न कोणीं काढलाच, तर यजमान खालच्या छापील ओळीकडे बोट दाखवितात, आणि ओळ नसली तर बेधडक सांगून टाकतात, "रविवर्मा!" लुगडें नेसलेली, देखणी आणि किंचित् विचारांत पडलेली स्त्री चित्रांत आढळली, कीं ती रविवर्म्याची, असा एक अलिखित कायदाच आम्हीं करून ठेवला आहे. या कायद्यानें ज्या एका थोर चित्रकारावर फार मोठा अन्याय झाला, त्याची तक्रार मला येथें मांडावयाची आहे. आणि त्या अन्यायांत माझाहि हात होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

ज्या चित्राविषयीं हें लिहीत आहें तें बहुतेक वाचकांनीं पाहिलेलें असेल. एक तरुण स्त्री अंधारांत उभी आहे. तिच्या एका हातांत दिवा आहे, आणि तो वाऱ्यानें विझूं नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा तिनें ज्योतीला केला आहे. ज्योत त्या हाताआड गेली आहे; पण बोटांतून तांबूस उजेड पाझरतो, तो तिच्या अंगावरून वर चेहऱ्यापर्यंत चढतो, आणि मागल्या भिंतीवर तिची सांवली पडते. एवढेंच चित्र. त्यांत पुराणांतला प्रसंग नाहीं, कथा नाहीं, बोध तर नाहींच नाहीं. 'ग्लो ऑफ होप' या नांवानें तें ओळखलें जातें. पण घरोघरीं त्याला नांवच नाहीं. 'ती दिवा घेतलेली बाई' म्हटलें कीं सर्वांना कळतें.

आमच्या घरीं तें माजघराच्या दारावर होतें. एका व्यापाऱ्यानें वाटलेल्या कॅलेंडरावर तें छापलेलें होतें, आणि वर्ष संपल्यावर आजीनें तारखांचा भाग कापून टाकून वरचें चित्र चौकटींत बसवून घेतलें होतें. दिवेलागणीला आई देवापुढें निरांजन लावी. त्याचा उजेड माजघरांतून येऊन तसबिरीच्या काचेवर हलत राही. संध्याकाळीं आमच्या घरांत दोन दिवे लागतात, अशी माझी लहानपणीं पक्की समजूत होती. चित्राच्या खालीं त्या व्यापाऱ्यानें तांबड्या शाईनें एक ओळ छापून घेतली होती : 'चित्रकार – राजा रविवर्मा'. मीं लिहा-वाचावयास शिकल्यावर घरांत जें कांहीं छापील आढळे तें सारें वाचून काढलें, त्यांत ही ओळहि वाचली. आणि तेव्हांपासून ती मला वेदवाक्य होऊन बसली.

पुढें शाळेंत एके दिवशीं आमचे चित्रकलेचे मास्तर जलरंगाविषयीं सांगत होते. जलरंगांत चूक झांकतां येत नाहीं, हें समजावून देतांना त्यांनीं या चित्राचें नांव काढलें, आणि 'हळदणकरांचें तें चित्र' असें म्हणाले. मी ताडकन् उभा राहिलों. "मास्तर, तें चित्र आमच्या घरीं आहे. तें रविवर्म्याचें आहे. खालीं छापलेंच आहे." वर्ग हंसला. मास्तर शांतपणें म्हणाले, "छापलेलें वाचलेंस. आतां चित्र वाच." त्या वयांत हें बोलणें म्हणजे हरलेल्या माणसाची पळवाट वाटली. दुसऱ्या दिवशीं मीं ती तसबीरच खिळ्यावरून काढून वर्गांत नेली आणि पुरावा म्हणून टेबलावर ठेवली. मास्तरांनीं ती उचलली, खिडकीपाशीं नेऊन बराच वेळ पाहिली, आणि परत देतांना एवढेंच म्हणाले, "काच पुसून ठेवीत जा." वर्गानें निकाल माझ्या बाजूनें दिला, हें सांगावयास नकोच. दोन वर्षांनीं मास्तर निवृत्त होऊन गांवीं गेले, आणि मी तो विजय कित्येक वर्षें मिरवीत राहिलों.

2011 सालीं म्हैसूरला जाण्याचा योग आला. तेथील जगन्मोहन राजवाडा 1861 चा. त्यांत 1915 पासून चित्रसंग्रह आहे. रविवर्म्याचीं अस्सल तैलचित्रें तेथें आहेत, आणि तीं पाहण्यासारखीं आहेत. परंतु जाणाऱ्या-येणाऱ्यांचा ओढा असतो तो एका काळोख्या खोलीकडे. आमच्याबरोबर बाजारांतून ठरविलेला एक वाटाड्या होता. त्यानें आम्हांला त्या खोलीच्या तोंडाशीं उभें केलें आणि हळू आवाजांत सांगितलें, "हें रविवर्म्याचें सर्वांत प्रसिद्ध चित्र. यांतल्या रंगांत कांहीं तरी गुप्त द्रव्य आहे. काळोख केला कीं दिवा आपोआप पेटतो." भोंवतालच्या मंडळींनीं 'अहाहा' केलें. एका बाईंनीं हात जोडले.

आणि मी पाहिलें. माजघराच्या दारावरची तीच बाई समोर उभी होती, पण मला ती ओळखूं येईना. आमच्या कॅलेंडरांत तिचे गाल गुलाबी होते. येथें गुलाबी म्हणून कांहींच नव्हतें, होती ती दिव्याची ऊब. आमच्या कॅलेंडरांत लुगड्याचा रंग सणासुदीच्या दुकानांतल्यासारखा भडक होता. येथें तें लुगडें अर्धें अंधारांत विरघळलें होतें. आणि भिंतीवरची ती सांवली! कागदाच्या आकारांत चित्र बसविण्यासाठीं छापणारानें बाजूचा भाग कापला होता, त्याबरोबर सांवली गेली होती. म्हणजे ज्या चित्रावर मी लहानाचा मोठा झालों त्यांत दिवा होता, पण उजेड नव्हता. कारण दिव्याचा उजेड ओळखूं येतो तो मागें पडलेल्या अंधारावरून. चौकटीजवळ चित्रकाराचें नांव स्पष्ट लिहिलेलें होतें : एस. एल. हळदणकर. संग्रहालयाचा यांत कांहीं दोष नाहीं. दोष तें नांव डोळ्यांसमोर असतांना न वाचणारांचा आहे, आणि त्या रांगेंत मी चाळीस वर्षें सर्वांच्या पुढें उभा होतों.

आतां मुद्द्याचें बोलतों. राजा रविवर्मा 1848 सालीं जन्मला आणि 2 ऑक्टोबर 1906 रोजीं वारला. प्रस्तुत चित्र 1945–46 च्या सुमाराचें आहे. मृत्यूनंतर चाळीस वर्षांनीं त्यानें पुन्हां कुंचला हातीं धरला, असें ज्यांना मानावयाचें असेल त्यांनीं तें खुशाल मानावें. आमच्याकडे याहून मोठे चमत्कार लोक मानतात. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म सावंतवाडीचा, 1882 चा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत त्यांचें शिक्षण झालें. 1908 सालीं त्यांनीं मुंबईंत स्वतःची चित्रशाळा काढली. 1918 सालीं आर्ट सोसायटी ऑफ इंडिया निघाली तिच्या संस्थापकांत ते होते. 1968 सालीं ते वारले. म्हणजे हा कोणी गुहेंत राहून अजिंठा रंगविणारा अनामिक भिक्षु नव्हे. भर मुंबईंत, आमच्या वडील मंडळींच्या डोळ्यांदेखत, पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी तयार करीत बसलेला हा गृहस्थ. त्याचें नांव हरवावयास काळ कारण झाला नाहीं. तें आम्हीं हरविलें.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. चित्रांतली ती स्त्री कोणी अप्सरा नव्हे, कीं राजवाड्यांत बसवून घेतलेली भाडोत्री नमुनेदार नव्हे. ती चित्रकाराची स्वतःची मुलगी गीता. दिवाळीचे दिवस होते, अंगावर आईचें लुगडें होतें, हातांत दिवा होता. बापानें तें पाहिलें आणि तिला तसेंच उभें राहावयास सांगितलें. आपण तीन-तीन तास उभ्या होतों, असें त्या स्वतः सांगत. या गीताबाई उपळेकर कोल्हापुरांत ऑक्टोबर 2018 पर्यंत हयात होत्या. वारल्या तेव्हां त्यांचें वय एकशें दोन होतें. जी बाई कोल्हापुरांत चालती-बोलती होती, तिच्याच चित्राकडे बोट दाखवून आम्ही एकमेकांना शतकापूर्वींच्या राजाच्या गोष्टी सांगत होतों. महालक्ष्मीच्या दर्शनाला म्हणून मी स्वतः त्या गांवीं कितीदां तरी गेलों असेन.

यावर आमचे एक विद्वान् स्नेही म्हणतात, "नांवांत काय आहे? आनंद मिळाल्याशीं कारण." हा युक्तिवाद उदार दिसतो, पण त्याच्या पोटांत आळस आहे. आपली कविता दुसऱ्याच्या नांवावर छापली गेली तर हेच स्नेही संपादकाला रजिस्टर पत्र धाडतील! आणि नांव चुकलें म्हणजे नुसता मानाचा प्रश्न उरत नाहीं. पाहण्याची दृष्टिच चुकते. रविवर्म्याचें नांव घेऊन या चित्रापुढें उभे राहिलां, कीं तुम्ही नकळत पुराण शोधूं लागतां. ही दमयंती असेल काय? राधा असेल काय? कोणाची वाट पाहत असेल? रविवर्म्याच्या स्त्रिया बहुधा कोणत्या तरी प्रसंगांत उभ्या असतात. त्यांच्या मागें नाटकाचा पडदा आहे असें वाटतें, आणि त्यांत त्यांचें वैभवहि आहे. हळदणकरांच्या चित्रांत प्रसंगच नाहीं. घरांतली मुलगी दिवा घेऊन या खोलींतून त्या खोलींत निघाली आहे, इतकें साधें तें आहे. आणि तें साधेपण खोट्या नांवानें पार झांकून गेलें.

हें मी प्रांताभिमानानें बोलतों असें कोणी समजूं नये. त्रावणकोरांतल्या किळिमानूरच्या या कलावंताचें महाराष्ट्रावर ऋण आहे. 1894 सालीं त्यानें मुंबईंत शिळाप्रेस घातला, आणि ज्या घरांत कधीं चित्र आलें नव्हतें तेथें सरस्वती आणि लक्ष्मी पोहोंचविल्या. आमच्या डोळ्यांना चित्राची पहिली संवय त्यानें लावली. पण म्हणूनच सांगतों, या चुकीनें त्याच्यावरहि अन्याय होतो. जो माणूस हळदणकरांच्या दिव्यासाठीं रविवर्म्याला नमस्कार करतो, त्यानें रविवर्म्याचें खरें सामर्थ्य, तैलरंगांत रेशमाचा पोत आणि सोन्याचें वजन उतरविण्याची ती हातोटी, पाहिलेलेंच नसतें. नमस्कार चुकीच्या पत्त्यावर गेला म्हणजे तो दोन्ही घरीं पोहोंचत नाहीं.

गुप्त द्रव्याच्या गोष्टीचा समाचार मात्र सविस्तर घेतला पाहिजे, कारण या चित्राची खरी थोरवी त्या गप्पेखालीं गाडली गेली आहे. हें चित्र कागदावर, जलरंगांत आहे. तैलरंगांत चूक झाली तर चित्रकार ती खरवडतो, वाळूं देतो, वरून दुसरा रंग चढवितो. उजेड हवा असेल तेथें शेवटीं पांढऱ्याचा ठिपका ठेवतो. पारदर्शक जलरंगांत ही सोय नाहीं. तेथें पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. सर्वांत उजळ जी जागा ठेवावयाची, ती आरंभींच राखून ठेवावी लागते, आणि तिच्या भोंवतीं पातळ रंगाचे हात एकावर एक देत देत अंधार आणावा लागतो. म्हणजे या चित्रकारानें दिवा रंगविलाच नाहीं. त्यानें दिव्याभोंवतालची रात्र रंगविली, आणि दिवा तेवढा शिल्लक राहूं दिला. एक हात जास्त पडला, एक ओघळ चुकून सुटला, कीं सारा कागद फुकट. त्यांतून काळोख रंगविणें जलरंगाला मुळींच मानवत नाहीं. हात वाढले कीं रंग मळतो, आणि अंधाराऐवजीं चिखल दिसूं लागतो. पाण्याच्या रंगानें रात्र उभी करावी, ती खोल असावी आणि तरी स्वच्छ असावी, हें धाडस काय आहे तें ज्यानें शाळेंत दोन वर्षें रंगपेटी हाताळली आहे त्याला सांगावयास नको.

आणखी एक. कोणताहि कागद कागदाहून उजळ होऊं शकत नाहीं. खऱ्या दिव्याची ज्योत आणि खोलींतला कोपरा यांच्या तेजांत जें अंतर असतें, त्याचा लहानसा अंशच चित्रकाराच्या हातीं असतो. मग दिवा पेटल्यासारखा कां दिसतो? कारण डोळा तेज मोजीत नाहीं, तो शेजारच्या वस्तूशीं ताडून पाहतो. चित्रकारानें बाकीचें सर्व एकेक पायरी खालीं उतरविलें. ऊन रंगाला थंड रंगाच्या शेजारीं बसविलें. आणि बोटांच्या कडांशीं तो रक्ताचा तांबडेपणा ठेवला, जो हात दिव्यापुढें धरल्यावर आपण सर्वांनीं पाहिलेला असतो. तो तांबडेपणा पाहतांच डोळ्याला खात्री पटते, कीं मागें ज्योत आहेच. खोली काळोखी केली म्हणून चित्र पेटत नाहीं. संपूर्ण काळोख केला तर इतर कागदांप्रमाणें हाहि दिसेनासा होईल. मंद उजेडांत भोंवतालची भिंत, चौकट, माणसें हीं नाहींशीं होतात आणि तुलनेला चित्रांतला अंधार तेवढा उरतो, म्हणून भास तीव्र होतो. शिवाय जलरंग उजेडानें विटतात, आणि कागदावरचीं चित्रें पन्नास लक्सच्या आंत, म्हणजे बऱ्याच मंद उजेडांत, ठेवण्याचा प्रघात जगभर आहे. तेव्हां त्या काळोखांत जादू नसली तरी शहाणपण आहे. जादू म्हटली कीं चित्रकाराच्या मेहनतीचें आपलें देणें बुडवितां येतें, म्हणूनच ती लोकांना इतकी आवडते कीं काय, न कळे.

दुसऱ्या टोंकाला आमचे नवमतवादी टीकाकार आहेत. त्यांना नांव ठाऊक असतें, पण 'कॅलेंडरी चित्र' एवढें म्हणून ते नाक मुरडतात. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. चित्रांत गोडवा आहे. तो चेहरा थोडा कमी गोड असता तर मला अधिक आवडला असता. चित्रकलेच्या इतिहासांत यानें नवें पान उघडलें असेंहि नाहीं. 1945 सालीं जगांत आणि मुंबईंतहि चित्रकला दुसऱ्या वाटांनीं निघून गेली होती. परंतु ज्याला ते कॅलेंडर म्हणतात तें हें चित्र नव्हेच. तें आमच्या व्यापाऱ्यानें कापून, रंग चढवून छापलेलें चित्र होतें. मूळ न पाहतां नकलेवरून मूळ मोडीत काढणें हा टीकेचा कोणता प्रकार? अडाण्यानें नकलेवरून हात जोडले, विद्वानानें नकलेवरून नाक मुरडलें. पाहिलें दोघांनींहि नाहीं.

युरोपांत याच विषयावर एक गोष्ट घडलेली आहे. लोरेन प्रांतांत जॉर्ज द ला तूर (1593–1652) या नांवाचा चित्रकार होऊन गेला. मेणबत्तीच्या उजेडांतलीं माणसें हा त्याचा आवडता विषय. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत त्याचें 'सुतार जोसेफ' आहे. त्यांत बाल येशूनें मेणबत्तीपुढें हात धरला आहे, आणि त्या कोंवळ्या बोटांतून उजेड आरपार जातो. हा चित्रकार मेल्यावर अडीचशें वर्षें पुरता विसरला गेला, आणि त्याचीं चित्रें भलत्याच नांवांवर खपलीं. 1915 सालीं हेर्मान फॉस नांवाच्या जर्मन अभ्यासकानें नांत शहरांतलीं दोन चित्रें पाहून हा हात निराळा आहे हें ओळखलें, आणि नांव परत मिळवून दिलें. तें मिळतांच इकडेतिकडे विखुरलेलीं चित्रें एका सुतांत ओंवलीं गेलीं, आणि एक माणूस आयुष्यभर कशाचा विचार करीत होता तें दिसूं लागलें. नांवांत काय आहे, असें विचारणाऱ्या माझ्या स्नेह्यांनीं याचें उत्तर द्यावें. तेथें नांव पुसलें गेलें होतें, आणि तें शोधावयाला एका माणसाचा तयारीचा डोळा लागला. आमच्याकडे नांव चौकटीजवळ लिहिलेलें आहे. तें वाचावयाला चष्मा पुसला तरी पुरे.

म्हणून या लेखाच्या निमित्तानें माझें मागणें अगदीं लहान आहे. दरवर्षीं दिवाळीला हें चित्र कोठें ना कोठें छापलें जातें. शुभेच्छापत्रांवर, मिठाईच्या खोक्यांवर, पंचांगांच्या पुठ्ठ्यांवर. छापणारांनीं खालीं 'सा. ल. हळदणकर' हीं अक्षरें घालावींत, आणि जागा कमी पडली तर दुकानाचा पत्ता बारीक करावा, चित्र कापूं नये. निदान ती सांवली तरी सोडूं नये. चित्रकलेच्या शिक्षकांनीं तें वर्गांत दाखवावें, आणि एखादा पोरगा ताडकन् उभा राहून 'खालीं छापलें आहे' म्हणाला तर त्याला खालीं बसवूं नये. त्याला खिडकीपाशीं न्यावें.

आमची तसबीर अजून आहे. म्हैसूरहून आल्यावर मीं ती उतरविली, मागचे खिळे काढले, ती तांबडी ओळ शाईनें खोडली आणि तिच्याखालीं खरें नांव लिहिलें. अक्षर कांहींसें वांकडें आलें आहे. मास्तरांच्या गांवीं चौकशी केली तेव्हां ते जाऊन बरींच वर्षें झालीं होतीं, असें कळलें. चौकट पुन्हां दारावर लावतांना मात्र काच दोन्ही बाजूंनीं पुसून घेतली.